मेदसंचय आणि हृद्गतीचे वैषम्य : कंबरेचे माप व नाडी यांचा एकत्रित विचार

प्रस्तावना

वजन कमी करण्यासाठी आयुर्वेदीय चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांची संख्या सर्वत्र वाढली आहे व नाशिक शहरही त्यास अपवाद नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे, दिवसभर दुकानाच्या गादीवर बसणारे, रात्री उशिरा जेवणारे असे सर्व थरांतील रुग्ण आपल्याकडे येतात. त्यांचे वजन केले जाते, आहार सांगितला जातो आणि गुग्गुळाचा एखादा कल्प देऊन चिकित्सेस आरंभ होतो. या घाईत दोन साध्या गोष्टी वारंवार राहून जातात. एक म्हणजे मेद शरीरात नेमका कोठे साठला आहे हे पाहणे, आणि दुसरी म्हणजे नाडी पूर्ण एक मिनिट मोजणे.

मेदोवृद्धीचा मधुमेह, रक्तदाब व हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे विकार यांच्याशी असलेला संबंध सर्वपरिचित आहे. हृदयाच्या गतीतील अनियमिततेशी तिचा जो निकटचा संबंध आहे, त्याची चर्चा मात्र आपल्या वर्तुळात अल्प प्रमाणात होते. मेदोरोगाच्या रुग्णात कंबरेचे माप आणि नाडीची लय पाहिल्याशिवाय चिकित्सेस आरंभ करू नये, हे प्रतिपादन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्रीय पार्श्वभूमी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल पुरुषाचे आठ दोष सांगितले आहेत. त्यांत आयुष्याचा ऱ्हास, हालचालीतील मंदता, दौर्बल्य, अतिस्वेद, अतिक्षुधा व अतितृष्णा यांचा समावेश होतो. आयुष्याचा ऱ्हास हा या यादीत प्रथम येतो, याकडे लक्ष द्यावे. मेदाने मार्ग अवरुद्ध झाल्यामुळे वायू कोष्ठात विशेषत्वाने संचार करतो, अग्नीला प्रदीप्त करतो व त्यामुळे रुग्णाची भूक वाढते, अशी संप्राप्ती तेथे वर्णिली आहे. स्थूल व्यक्तीचे वर्णन करताना आचार्यांनी नितंब, उदर व स्तन या स्थानांचा वेगळा निर्देश केला आहे. म्हणजेच मेदाच्या एकूण प्रमाणाबरोबर त्याच्या स्थानाचाही विचार त्यांच्यासमोर होता.

विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात मेदोवह स्रोतसांची मूलस्थाने वृक्क व वपावहन ही सांगितली आहेत. वपावहन म्हणजे उदरातील स्निग्ध रचना, असा अर्थ टीकाकार चक्रपाणी यांनी केला आहे. उदरस्थ मेदाला दिलेले हे मूलस्थानाचे महत्त्व आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात मननीय ठरते.

वायूच्या बाजूनेही विचार करावा लागतो. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात व्यानवायूचे स्थान हृदय सांगितले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधी अध्यायात मेदाने आवृत झालेल्या वायूचे स्वतंत्र वर्णन आहे. गतीचे नियमन करणारा वायू आणि त्याच्या मार्गात अडसर ठरणारा मेद, ही विचारसरणी हृद्गतीच्या वैषम्याकडे पाहताना उपयुक्त ठरते. तथापि आधुनिक निदानाचे एखादे नाव घेऊन त्यास संहितेतील एकाच संज्ञेशी जोडणे उचित नव्हे. शार्ङ्गधरसंहितेत थांबून थांबून चालणारी नाडी गंभीर मानली आहे. एवढा इशारा चिकित्सकास सावध होण्यास पुरेसा आहे.

हृदयाची लय व तिचा बिघाड

हृदयाच्या उजव्या अलिंदात असलेल्या साइनस नोडमधून विद्युत्संवेग निघतो, तो दोन्ही अलिंदांत पसरतो व पुढे निलयांकडे जातो. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्तीत हे कार्य मिनिटाला साधारणतः ६० ते १०० वेळा एका लयीत घडते. गतीच्या विकारांचे अनेक प्रकार आहेत. मेदोवृद्धीशी ज्याचा संबंध सर्वाधिक अभ्यासला गेला आहे तो विकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन.

या विकारात अलिंदांत मिनिटाला ३५० ते ६०० एवढ्या वेगाने अव्यवस्थित विद्युत्संवेग उत्पन्न होतात. अलिंदे आकुंचन पावण्याऐवजी केवळ थरथरतात. त्यांतील काही संवेगच निलयांपर्यंत पोहोचतात व तेही अनियमित अंतराने, म्हणून नाडी पूर्णतः विषम लागते. थरथरणाऱ्या डाव्या अलिंदात, विशेषतः त्याच्या उपांगात, रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकल्यास पक्षाघात होतो. या विकारामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. अनेक रुग्णांना छातीत धडधड जाणवतही नाही व पक्षाघात हेच पहिले लक्षण ठरते. म्हणूनच रुग्णाची तक्रार नसतानाही नाडी पाहणे अगत्याचे आहे.

वजनवाढ व गतिवैषम्य

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावातील दीर्घकालीन अभ्यासाचा एक निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ५,३०० स्त्री-पुरुषांचे जवळजवळ चौदा वर्षे निरीक्षण करण्यात आले होते. प्राकृत वजनाच्या व्यक्तींच्या तुलनेत स्थूल व्यक्तींत एट्रियल फिब्रिलेशनचा धोका सुमारे दीडपट आढळला. बॉडी मास इंडेक्स एका अंकाने वाढल्यास धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढत होता. डाव्या अलिंदाचा आकार लक्षात घेऊन पुन्हा गणित केले असता हा वाढीव धोका जवळजवळ नाहीसा झाला. याचा अर्थ असा की, वजनवाढीचा परिणाम मुख्यतः अलिंद विस्तारण्याच्या मार्गाने होतो.

अलिंद विस्तारण्यामागील कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

१. शरीरभार वाढल्याने रक्ताचे एकूण परिमाण वाढते व हृदयावर कायमचा अधिक भार पडतो.

२. रक्तदाब वाढल्याने डावे निलय जाड व ताठर होते आणि मागे असलेल्या अलिंदावर दाब येतो.

३. मानेभोवती व घशात मेद साठल्याने झोपेत श्वास वारंवार अडतो. प्रत्येक वेळी छातीतील दाब बदलतो, रक्तातील प्राणवायू घटतो व चेतासंस्था उत्तेजित होते. घोरणाऱ्या, सकाळी डोके जड असलेल्या व दिवसा पेंगणाऱ्या रुग्णात या शक्यतेचा विचार अवश्य करावा.

४. मधुमेह व इन्शुलिनचा प्रतिरोध यांमुळे हृदयाच्या स्नायूत तंतुमयता वाढते.

मेद कोठे साठला आहे

हृदयाच्या पृष्ठभागावर, स्नायूला लागून मेदाचा एक थर असतो. तो थर व हृदयस्नायू यांच्यामध्ये वेगळे करणारा पडदा नसतो व दोहोंचा रक्तपुरवठाही सामायिक असतो. त्यामुळे या मेदातून स्रवणारे शोथजनक घटक थेट अलिंदाच्या स्नायूत उतरतात. काही ठिकाणी मेदपेशी स्नायूत शिरकाव करतात, तंतुमयता वाढते व विद्युत्संवेगाचा मार्ग खंडित होतो. एका भागात संवेग जलद, तर शेजारच्या भागात मंद, अशी स्थिती गतिवैषम्यास पोषक असते. फ्रॅमिंगहॅमच्याच २०१० सालच्या अभ्यासात हृदयाभोवतीच्या मेदाचा एट्रियल फिब्रिलेशनशी असलेला संबंध बॉडी मास इंडेक्सपासून स्वतंत्र असल्याचे दिसून आले.

नितंब व मांड्यांतील त्वचेखालील मेद चयापचयाच्या दृष्टीने तुलनेने सौम्य असतो. उदरातील आतड्यांभोवतीचा मेद, यकृतातील मेद व हृदयाभोवतीचा मेद बहुधा एकमेकांसोबत वाढतात. वजनकाटा या दोहोंत भेद करू शकत नाही, कंबरेची टेप काही अंशी करू शकते.

पुण्याचा धडा : कृश दिसणारा मेदस्वी

या विषयातील अत्यंत मोलाचे कार्य आपल्या महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. विशेष क्ष-किरण तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळले. वजन व उंची यांचे गुणोत्तर समान असूनही देहाची घटना किती भिन्न असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ पासून सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासातून याचे मूळ गर्भावस्थेपर्यंत जात असल्याचे दिसले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याच्या बालकांत मांसधातू व अवयवांची वाढ कमी होती. पाठीवरील त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. मांस क्षीण व मेद वृद्ध ही अवस्था आयुर्वेदीय चिकित्सकास समजण्यास कठीण नाही. केवळ वजन पाहून अशा व्यक्तीस स्थूल म्हटले जात नाही, आणि म्हणूनच ती तपासणीतून सुटते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह व हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे विकार अधिक असूनही एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण गौरवर्णीयांपेक्षा कमी आढळते. अलिंदाचा मूळचा लहान आकार हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. शिवाय भारतीय रुग्णांत या विकारामागे संधिवातजन्य हृद्रोगामुळे झालेला झडपेचा दोष मोठ्या प्रमाणावर असतो. देशभरातील २४ केंद्रांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदणीत जवळजवळ निम्मे रुग्ण अशा झडपदोषाचे होते. तेव्हा पोट सुटलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या विषम नाडीचे खापर मेदावर फोडू नये. लहानपणी सांधे सुजून ताप आल्याचा इतिहास विचारावा व हृदयाची सोनोग्राफी, म्हणजेच इको तपासणी करून घ्यावी.

चिकित्सालयातील कार्यपद्धती

कंबरेचे माप : रुग्णास उभे करावे. शेवटची बरगडी व कटीच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, साधा श्वास सोडल्यानंतर, टेप न आवळता माप घ्यावे. पँटचा नंबर विचारून काम भागवू नये, कारण पोट सुटलेला मनुष्य पट्टा पोटाच्या खाली बांधतो व त्याचा नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. भारतीयांसाठी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या सहमतीनुसार पुरुषांत ७८ सेंटीमीटर व स्त्रियांत ७२ सेंटीमीटर ही सावध होण्याची मर्यादा आहे. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटर म्हणजे उदरस्थ स्थौल्य होय. त्याच सहमतीत बॉडी मास इंडेक्स २३ पासून अधिक वजन व २५ पासून स्थौल्य मानले आहे.

नाडी : रुग्णास पाच मिनिटे स्वस्थ बसवून नाडी पूर्ण साठ सेकंद मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय येथे घातक ठरते. दोषांचा विचार करण्यापूर्वी लय सम आहे की विषम, हे ठरवावे. लय विषम वाटल्यास स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके व हाताने नाडी एकाच वेळी मोजावी. हृदयाचे ठोके अधिक व नाडी कमी भरल्यास एट्रियल फिब्रिलेशनची शंका बळावते. नाडीने केवळ शंका येते, निदान ईसीजीने होते. म्हणून विषम नाडीच्या प्रत्येक रुग्णाचा ईसीजी त्याच दिवशी करावा. लय येऊनजाऊन बिघडत असल्यास एक ईसीजी प्राकृत आला तरी हृद्रोगतज्ज्ञाकडे पाठविणे योग्य.

त्वरित रुग्णालयात पाठविण्याची लक्षणे : मूर्च्छा, छातीत वेदना, बसल्या जागी धाप, नाडी १२० हून अधिक, अथवा तोंड वाकडे होणे, वाचा अडखळणे किंवा एका बाजूस दौर्बल्य.

वजनात घट व नाडी विषम : काही महिन्यांत वजन झपाट्याने उतरले, भूक चांगली आहे, हात थरथरतात व नाडी जलद किंवा विषम आहे, असा रुग्ण दिसल्यास ते औषधाचे यश समजू नये. थायरॉइडच्या अतिस्रावातही हेच चित्र दिसते. टीएसएच तपासणी करावी.

चिकित्सेचा विचार

वजन कमी केल्याने गतिवैषम्यात लाभ होतो काय, या प्रश्नाचे उत्तर आश्वासक आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या ३५५ स्थूल रुग्णांचे पाच वर्षे निरीक्षण करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांनी वजन १० टक्के वा अधिक घटविले, त्यांच्यात लय टिकून राहण्याची शक्यता सहापट होती. ज्यांचे वजन पाच टक्क्यांहून अधिक खालीवर होत राहिले, त्यांच्यात हा लाभ बराच कमी झाला. नव्वद किलोच्या रुग्णाने नऊ किलो उतरवून ते न वाढू देणे, हे साध्य म्हणूनच मोलाचे आहे.

येथे संहितेतील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. स्थौल्यचिकित्सेत व्यायामादी उपाय क्रमाक्रमाने वाढवावेत, असे चरकाचार्यांचे सांगणे आहे. पचण्यास गुरू परंतु संतर्पण न करणारा आहार, यव, मूग, कुळीथ, तक्र, मध, तसेच मुस्ता, गुडूची व त्रिफळा यांचा उपयोग हा सर्वज्ञात मार्ग आहे. उपवासाचा अतिरेक मात्र टाळावा. अमेरिकेत १९७७-७८ च्या सुमारास केवळ द्रव प्रथिनांवर राहून वजन उतरविणाऱ्या अनेक व्यक्ती निलयाच्या गतिवैषम्याने दगावल्या, हे विसरून चालणार नाही.

शोधनाच्या बाबतीतही तारतम्य हवे. सिद्धिस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात वमनास अयोग्य रुग्णांच्या यादीत अतिस्थूल व हृद्रोगी या दोघांचाही उल्लेख आहे. तीव्र विरेचनाने शरीरातील पोटॅशियम व मॅग्नेशियम घटते व गतिवैषम्य उद्भवू शकते. डिगॉक्सिन किंवा मूत्रल औषध घेणाऱ्या रुग्णात हा धोका अधिक. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायातील जागरणाचा उपायही झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णास सांगू नये. त्याची निद्रा आधीच खंडित असते.

औषधालय चालकांसाठी

१. गुग्गुळ : मुंबईतील संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुग्गुळाच्या अर्काने निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातील डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल या औषधांची पातळी घटल्याचे दिसले. ही गटांतील औषधे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाची गती आटोक्यात ठेवण्यासाठीच दिली जातात. म्हणजे मेद घटविण्यासाठी दिलेला गुग्गुळ नाडी पुन्हा जलद करू शकतो. मेदोहर गुग्गुळ मागणाऱ्या ग्राहकास हृदयाच्या कोणत्या गोळ्या सुरू आहेत, हे विचारल्याशिवाय कल्प देऊ नये.

२. वत्सनाभयुक्त कल्प : सर्दी-तापासाठी त्रिभुवनकीर्ती किंवा आनंदभैरव रस रुग्ण परस्पर मागतो. वत्सनाभातील ॲकोनिटिन हे द्रव्य हृदयाची लय बिघडविणारे म्हणून प्रसिद्ध आहे. शोधनाने त्याची तीव्रता कमी होते, तरी मात्रा व रुग्ण यांचा विचार सुटत नाही. वत्सनाभाचा समावेश औषध नियमावलीच्या अनुसूची ई-१ मध्ये असून असे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे आहेत.

३. यष्टीमधू : दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल औषधासोबत विशेष जपावे.

४. झटपट वजन उतरविणारी चूर्णे व कॅप्सूल : सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध हृद्रोगाचा व पक्षाघाताचा धोका वाढविते असे दिसल्यावर २०१० साली युरोप-अमेरिकेतून मागे घेतले गेले व भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. त्यानंतरही वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत त्याची भेसळ अनेक देशांत वारंवार पकडली गेली आहे. सोमकल्पातील एफेड्रिनयुक्त पूरक पदार्थांवर अमेरिकेने २००४ साली बंदी घातली. ज्या उत्पादनाने भूक एकाएकी मरते, तोंड कोरडे पडते, झोप उडते व छाती धडधडते, ते कितीही खपत असले तरी फळीवरून काढावे. परवाना क्रमांक व घटकद्रव्ये छापलेली नसल्यास माल स्वीकारूच नये.

५. जाहिरात : ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, १९५४ च्या अनुसूचीत स्थौल्य व हृद्रोग या दोन्हींचा समावेश आहे. हे रोग बरे करण्याचा दावा करणारे फलक दुकानात लावणे कायद्याविरुद्ध आहे.

६. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या : आयुर्वेदीय औषध सुरू केले म्हणून वॉरफेरिन किंवा तत्सम गोळी थांबविण्यास कोणीही सांगू नये. या गोळ्या थांबविणे म्हणजे पक्षाघाताचे दार उघडणे होय. लसूण, गुग्गुळ व अर्जुन यांचे कल्प त्यांच्यासोबत द्यावयाचे असल्यास मूळ चिकित्सकास कळवून व रक्तस्रावाकडे लक्ष ठेवूनच द्यावेत.

उपसंहार

मेद, वायू व हृदय यांचा संबंध आपल्या शास्त्रास अपरिचित नाही. उदरस्थ मेदाचे महत्त्व संहितांनी सांगितले, कृश दिसणाऱ्या देहातील मेद पुण्याच्या संशोधनाने दाखवून दिला. रुग्णाच्या हातावर बोटे ठेवण्याचा अधिकार व सवय आपल्याकडे परंपरेने आली आहे. दिवसाकाठी वीस-पंचवीस नाड्या पाहणाऱ्या वैद्याने त्यांतील एक विषम नाडी वेळीच ओळखून ईसीजीला पाठविली, तर एका कुटुंबावरील पक्षाघाताचे संकट टळू शकते. यासाठी लागणारी साधने म्हणजे शिंप्याची टेप, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि रुग्णामागे एक मिनिट. प्रत्येक केसपेपरवर वजनाच्या रकान्याशेजारी कंबरेचे माप व नाडीची लय असे आणखी दोन रकाने छापून घ्यावेत, एवढीच सर्व वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे.